अभिप्रायाची वही

माझं एक वाक्य धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. ‘आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली सही, तारीख आणि ‘पुणे’. अकरा वर्षं झाली लिहून. पुसता आलं असतं तर पुसलं असतं, पण मी नेमकं बॉलपेनने लिहिलं.

आम्ही बारा जण होतो आणि दोन जीपगाड्या. समाजासाठी झटणाऱ्या माणसांना भेटायचं, दोन दिवस सातपुड्यात राहायचं, अशी ती सहल. खानदेशची म्हणून वाटाड्याचा मान माझ्याकडे. खरं तर माझं माहेर अमळनेरचं, आणि अमळनेरच्या माणसाला सातपुडा म्हणजे आकाश स्वच्छ असलं की उत्तरेला दिसणारी निळी रेघ, यापलीकडे फारसा ठाऊक नसतो. चांदसैलीच्या घाटात दोघींना उलट्या झाल्या, एका वळणावर फोटोंपायी अर्धा तास गेला, आणि अकराला येतो म्हणालेलो आम्ही दीडला पोचलो. मुलं अकरापासून रांगेत होती. कंटाळून बसली होती, गाडीचा आवाज ऐकून पुन्हा उभी राहिली आणि त्यांनी स्वागतगीत म्हटलं. मग लगेच पानं वाढली. ज्वारीची भाकरी, उडदाची दाळ, मिरचीचा ठेचा. आम्ही वा वा करत जेवलो. एकाने तर भाकरीचा फोटो काढला.

हात धुवायला मी मागे गेले, तर स्वयंपाकाच्या बाई चूल परत पेटवत होत्या.

“आता कोणासाठी?” मी विचारलं.

“पोरं जेवायची ऱ्हायली ना.”

आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. चार वाजत आले होते.

त्यानंतर दहा मिनिटांत गुरुजींनी अभिप्रायाची वही पुढे केली आणि मी ते वाक्य लिहिलं. चूल बघून आल्यावरसुद्धा लिहिलं. दुसरं काय लिहायचं ते सुचलंच नाही.

मी पेशाने ऑडिटवाली. वही हातात आली की मागची पानं चाळल्याशिवाय राहवत नाही. वहीत चाळीसेक अभिप्राय होते, त्यातल्या एकतीस जणांना ते कार्य प्रेरणादायी वाटलं होतं. उरलेल्यांना ‘भारावून टाकणारं’. पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे, एक नागपूरचे. कोणाचंही वाक्य उचलून दुसऱ्याच्या सहीवर ठेवलं असतं तरी फरक पडला नसता. त्याच कप्प्यात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली दुसरी एक वही होती. परवानगी विचारून तीही उघडली. धान्याची आवक-जावक: तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. पुढे हजेरी, आणि गैरहजेरीच्या चौकोनात नुसती फुली न मारता बारीक अक्षरात कारण. ‘ऊसतोडीला गेला, बारडोली.’ ‘बहीण झाली म्हणून घरी.’ ‘नाल्याला पाणी.’ ‘होळी, काठी.’ होळीच्या आठवड्यात तर पानभर तेच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी म्हणजे या डोंगरातला वर्षाचा सण, तिथे मुलं शाळेत सापडतील कशी!

एवढी बोलकी हजेरी मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलेली नाही. पण ती वही पाहुण्यांपुढे कोणी ठेवत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. गाडीत ‘काय ग्रेट माणसं आहेत ना!’ चाललं होतं. ग्रेट होतीच. पण आपण त्यांचा एक दिवस खाऊन निघालोय, हे कोणी बोलत नव्हतं, मीही बोलले नाही.

*

तेव्हापासून खानदेशात फिरायचं तर एसटीने किंवा सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने, एकटीने नाहीतर एखाद्या मैत्रिणीबरोबर, आधी विचारून, आणि डबा बरोबर घेऊन. डबा न्यायचा म्हणजे यजमानांनी वाढलेलं नाकारायचं असं नाही, खानदेशात ते शक्यही नाही. पण आपला डबा पिशवीत असला की चुलीवरचा ताण कमी होतो. आणि एक गोष्ट आपोआप सुरू झाली. गेल्या गेल्या मी विचारायला लागले, “हिशेबाचं काही अडलंय का?”

अडलेलं असायचंच. २०२१ पासून सगळ्या धर्मादाय संस्थांना आयकराच्या नोंदण्या नव्याने कराव्या लागल्या, १२ ए (संस्थेच्या उत्पन्नावरची करमाफी) वेगळी आणि ८० जी (देणगीदारांना सवलत) वेगळी, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी पुन्हा. डोंगरात शाळा चालवणाऱ्या माणसाला विंचू उतरवता येतो, पोरांचा ताप कळतो, वनखात्याशी भांडता येतं, पण पोर्टलवर ओटीपी येण्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. दोन रात्री बसून मी पावत्या लावायची. त्या बसण्यात जे कानावर पडलं ते कुठल्याही भाषणात ऐकलेलं नव्हतं. पावती दाखवताना माणूस भाषण करत नाही. ‘हे बावीसशे कसले?’ विचारलं की सांगतो, एका मुलीला रात्री दवाखान्यात नेलं तेव्हाचं गाडीभाडं. आणि पुढची पावती काढतो.

मैत्रीण चिडवते, “लोक निसर्गात मन हलकं करायला जातात, तू व्हाउचर बघायला जातेस.” जाते खरी.

मला वाटायला लागलं की खानदेशाचा सगळा मोठेपणा वह्यांतच आहे. घरच्या गावापासून सुरुवात करा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी ते रोज एक हस्तलिखित दैनिक काढत. रोज! दिवसभर शिकवायचं, मुलांच्या खोल्या झाडायच्या, आणि वर स्वतःच्या हाताने अख्खं दैनिक लिहून सकाळी भिंतीवर लावायचं. गुरुजी म्हटलं की डोळ्यांत पाणी आणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र त्यांचा दुखरा अंगठा दिसतो. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगत होते, अठरा रविवार, आणि तो शब्दन् शब्द उतरून घेत होते गुरुजीच. विनोबा बोलून मोकळे झाले. आपल्यापर्यंत पोचलं ते लिहून घेणाऱ्यामुळे.

त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेले. हा माणूस आयुष्यभर गावोगाव हिंडला तो जुनी दप्तरं मागत. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा, कोणाच्या घरावर भार नाही. त्यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात ते कागद आहेत. पाहुणा म्हणून कसं जावं याचा धडा मला कोणाकडून घ्यायचा असेल तर तो राजवाड्यांकडून, त्यांचा जमदग्नी स्वभाव वगळून.

*

बहादरपूरला गेले ती पारोळ्याहून, भर उन्हात. नीलिमा मिश्र यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१३ साली पद्मश्री, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी १९९५ मध्ये आपल्याच गावात काम सुरू केलं, बचत गट उभे केले, बायकांच्या हाताला गोधड्यांचं काम दिलं. मी त्यांना भेटायला गेले नव्हते. त्यांच्याकडे भेटायला येणाऱ्यांची काही कमी नसणार. मला गोधडी शिवणाऱ्या हातांशेजारी बसायचं होतं.

एक साठीच्या आजी मिळाल्या. ओट्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गोधडी आमच्याकडे घरोघरी शिवतात. जुनी लुगडी, धोतरं, आईच्या साडीचा पदर. पण घरची गोधडी आणि विकायची गोधडी यांत फार अंतर असतं. घरच्या गोधडीचा टाका वाकडा गेला तर तो मायेचा. विकायच्या गोधडीचा वाकडा गेला तर उसवायचा. आजींनी उसवलेला भाग मला दाखवला, तोही जरा अभिमानानेच. मग पासबुक आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, कापड डब्यात. “पहिले अंगठा,” पानावर बोट ठेवत त्या म्हणाल्या, “आते सही करस मी.”

सही पाहिली. पाच अक्षरांचं नाव, शेवटचं अक्षर रेषेच्या खाली घसरलेलं. मी रोज शेकडो सह्या बघते. या एका सहीपाशी जरा थांबले. आजींना वाटलं, काही चूक सापडली की काय.

शिरपूरबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर फार लिहून झालंय. भूजलशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी तिथले नाले रुंद आणि खोल केले, खालचा खडक कसा आहे ते बघून बिनदारांचे बंधारे बांधले, आणि आटलेल्या विहिरींना पाणी आलं. मग राज्यभर ज्याला त्याला जेसीबी मिळाला आणि नाले खणणं सुरू झालं. खडक बघायचा राहून गेला. लोक शिरपूर बघून आले ते खड्ड्याचं माप घेऊन आले, वही कोणी मागितली नाही.

बारीपाडा मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेला टेकलेलं छोटंसं आदिवासी गाव. नव्वदच्या सुमाराला तिथला डोंगर बोडका होता, उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांची पायपीट. चैत्राम पवार हा त्याच गावचा एम.कॉम. झालेला मुलगा (कॉमर्सवाल्यांना प्रेरणेच्या क्षेत्रात कोणी विचारत नाही, म्हणून मी हे मुद्दाम सांगते), नोकरीमागे न जाता गावात राहिला. गावाने बसून नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, राखण सगळ्यांची. आज चारशेहून जास्त हेक्टर जंगल तिथे उभं आहे. विहिरींना पाणी आहे, चारसूत्री पद्धतीने भात होतो. २००४ पासून बायकांची वनभाजीची स्पर्धा भरते.

त्या स्पर्धेच्या दिवशी मी गेले होते. मांडवात ओळीने बायका, पुढ्यात पळसाची पानं, त्यावर भाज्या. शिजवलेली भाजी, आणि शेजारी तीच कच्ची, मुळासकट. बाफळी, चाईचा मोहर, कोळू, तेरा, शेवळी. काही नावं मी पहिल्यांदाच ऐकत होते, काही बायकांना त्यांची मराठी नावं सांगता येईनात. एकीला मी विचारलं, यातली एखादी चुकून विषारी निघाली तर? ती हसली. तेरा नीट शिजवला नाही तर घसा खाजतो म्हणाली, चिंच नाहीतर आंबाडी घालायची. “आणि कुठली खायची नाही ते?” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहते जेव्हा एखादा नवा पोरगा विचारतो की कुठला खर्च खोटा ते कसं ओळखायचं.

२०२५ च्या जानेवारीत चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तासाभरात ठरलं, ‘चला, एक रविवार बारीपाडा करून येऊ!’ रविवार करून येऊ. मी लिहिलं, ‘किती जण? जेवायचं काय? आधी विचारलंय का?’ मग ते बारगळलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरातल्या मुलांनी जंगल बघितलं असतं. माझ्या या कडकपणाने एखाद्या पोराचं कायमचं काही हुकलं असेल, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होणार नाही.

*

वह्यांचं हे कौतुक माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ते मोडायला एक मुकादम लागला.

तळोद्याच्या स्टँडवर, दिवाळीनंतर. ट्रक लागलेले, बायाबापड्या, भांडी, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळं गुजरातच्या ऊसतोडीला निघालेलं. चहाच्या टपरीवर मुकादम वही उघडून बसला होता. नेटकी वही. नाव, कोयता, उचल, बाकी. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बायकोचं नाव वेगळं लिहायचं नाही. मी सहज डोकावले. गेल्या वर्षीची बाकी ओढून या वर्षीच्या उचलीत मिळवलेली, आणि पुढे अंगठा. बेरजा बरोबर होत्या. ऑडिटला कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती.

अंगठा देणाऱ्या माणसाला मी विचारलं, किती फिटले, किती राहिले? तो म्हणाला, “त्याले माहीत.”

हे काही नवीन नाही. शहादा-तळोद्याकडच्या भिल्लांच्या जमिनी गेल्या त्या लढाईत नाही गेल्या, वहीत गेल्या. सावकाराच्या वहीत. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज भजनं म्हणत पाड्यापाड्याने फिरत, त्यांच्याबरोबर १९७२ साली बाहेरून आलेली तरुण मुलं होती, त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनी, सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांची मजुरी यांवर लढे झाले. बायकांनी दारूची मडकी फोडली. आणि नर्मदेकाठी, जिथे महाराष्ट्राची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, तेव्हा घोषणा दिली ‘लढाई, पढाई साथ साथ’. मी ती घोषणा पूर्वी एक छान यमक म्हणून ऐकली होती. त्या टपरीवर तिचा अर्थ लागला. ‘त्याले माहीत’ असं म्हणावं लागू नये म्हणून पढाई.

आणि मग घरची वही आठवली. आजोळी आजोबांची लाल कापडी बांधणीची वही होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरायचा, वर्षाचं धान्य, कपडे, पैसे लिहिले जायचे, आणि अंगठा. लहानपणी मला ते जांभळे ठसे फार आवडायचे. त्यांवर मी बोट ठेवून बघायची, कोणाचा अंगठा केवढा. आजोबा प्रेमळ होते. गावात नाव होतं. वर्षभर आजारी पडलेल्या एका सालदाराचे ‘खाडे’ त्यांनी त्याच वहीत मांडलेले मी नंतर, मोठेपणी वाचले. त्या ओळीपाशी मी फार वेळ होते. वही मामीने माळ्यावर ठेवली आहे. पुन्हा काढायचा धीर झालेला नाही.

*

गेल्या मे महिन्यात परत धडगाव तालुक्यात गेले. त्याच शाळेत, तीन दिवस, पावत्यांना. स्वयंपाकाच्या बाई आता थकल्यात, त्यांची सून चूल बघते. मी माझा तो जुना प्रसंग सांगितला, माफीसारखं काहीतरी पुटपुटले. त्यांना आठवतही नव्हतं. “असे लई लोक येतात,” म्हणाल्या.

तिथून परतताना वाटेत बिलगावला उतरले. इथे गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळमधून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांच्या मदतीने, धबधब्याच्या पाण्यावर वीज तयार केली होती. २००३ मध्ये दिवे लागले, २००६ च्या पुरात सगळं वाहून गेलं. तीन वर्षांचा उजेड. नदी शांत वाहत होती, पोरं डुंबत होती. बघण्यासारखं तसं काही नाही.

रस्त्याकडेच्या एका पाड्यावर घराघरापुढे आमचूर वाळत होता. या दिवसांत सगळा धडगाव परिसर आंबट वासाने भरलेला असतो. कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करायच्या, खडकावर पसरायच्या, दिवसभर राखायच्या, वळवाचा एक ढग दिसला की धावत गोळा करायच्या. डाग पडला, काळा पडला, की भाव पडला. पाटीभर कैऱ्यांचा वाळून ओंजळभर होतो. माझ्याएवढ्याच वयाची एक बाई होती, साल काढून काढून तिची बोटं आंबटाने फुटलेली. दोन किलो घेतला. तिने सांगितला तोच भाव दिला, घासाघीस केली नाही, आणि तेवढ्यावर मनात स्वतःला एक शाबासकी दिली.

नंदुरबारहून गाडी धरली. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा. डब्यात सगळ्यांना कळलं होतं आमचूर कोणाच्या पिशवीत आहे ते. अमळनेरला मामीकडे उतरले, तर तिने आधी पिशवी उघडून एक फोड तोंडात टाकली, डोळा मिटला.

“कितला दिनात?”

मी भाव सांगितला. तिथल्या व्यापाऱ्यापेक्षा जास्तच दिला, हेही सांगितलं.

मामीने दुसरी फोड उजेडाकडे धरून बघितली. “मंग तिले काय उरनं?”

मला सांगता येईना. टेबलावर लाइटबिलाचा लिफाफा पडला होता, तो उलटा केला, पेन घेतलं. उभी रेघ मारली. डावीकडे खर्च. पहिली ओळ लिहिली – कैऱ्या, स्वतःच्या झाडाच्या. रक्कम? दुसरी ओळ – साल काढणे. किती बायका, किती दिवस? ती राखण करणारी पोरगी शाळेत नव्हती, ते कुठल्या रकान्यात?

मामी पोळपाट पुसत उभी होती. माझ्या खांद्यावरून वाकून तिने लिफाफ्याकडे पाहिलं.

“एक पाटी सोलाले कितला टाइम लागस,” ती म्हणाली, “ते पहिले लिख.”